लाल ठिपक्याची बैठक

भंडाऱ्याहून नागपूरच्या वाटेला लागलं की जवाहरनगर येतं. तिथल्या आयुध निर्माणीत गोळ्याला नळीबाहेर ढकलणारी प्रणोदक दारू तयार होते. शस्त्राशी आमच्या जिल्ह्याचा संबंध असा जोराचा आहे. पण जोराला नेमाचीही जोड लागते. नेम धरणाऱ्या डोळ्याच्या मदतीला आलेल्या लाल ठिपक्याचं, म्हणजे रेड डॉट साइटचं कूळ शोधत गेलं, तर त्याची एक वाट पुण्यातून जाते.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी तिला देणगी दिली होती. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण नेगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मुक्काम टाकून टिपलं. पुढे वेधशाळा बंद झाली आणि १९१२ मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती आली होती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून. याच ग्रबनी १९०० साली बंदुकीच्या नव्या नेमयंत्राचं पेटंट घेतलं, आणि आजचा प्रत्येक लाल ठिपका त्याचा वंशज आहे.

साध्या पिस्तुलावर पुढे माशी आणि मागे खाच असते. माशी, खाच आणि लक्ष्य अशी तीन अंतरं डोळ्याला एका रेषेत आणायची असतात, पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. चाळिशी लागल्यावर तर माशी धूसर होतेच. ग्रबनी यावर दुर्बीणवाल्याचा तोडगा काढला. भिंगाच्या नाभीवर उजळलेली खूण ठेवली की तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ते तिरप्या काचेवरून डोळ्याकडे वळवले, की ती खूण लक्ष्याइतक्याच दूर, हवेत तरंगताना दिसते. डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी खूण लक्ष्यावरून फारशी हलत नाही. दुर्बिणी जुळवणाऱ्या माणसाला समांतर किरण रोजच्या कामातले. त्यांचा हा उपयोग सुचणं ही मला त्या शतकातली फार देखणी कल्पना वाटते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर हे यंत्र आलं, दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या वैमानिकांपुढे होतं. विमानात दिवा आणि वीज नेता येत होती, हातातल्या शस्त्रावर नाही. ती अडचण एलईडीने सोडवली. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बॅटरीवर चालणारी पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली. आतलं तत्त्व ग्रबचंच होतं: वक्र काचेच्या नाभीवर एलईडी, आणि काचेवर फक्त लाल प्रकाश परतवून बाकीचा आरपार सोडणारा लेप.

म्हणजे प्रकाशाचा प्रश्न सुटला होता. पिस्तुलाच्या बाबतीत खरी झुंज पुढे सुरू झाली, आणि ती बैठकीची होती. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, प्रत्येक गोळीला सपाट्याने मागे जाते, अडसरावर आदळते, स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन पुन्हा आदळते. स्लाइडवर बसवलेल्या काचेला आणि बॅटरीला हे दोन्ही दणके सोसावे लागतात. म्हणून नेमबाजीतल्या सुरुवातीच्या स्पर्धकांनी साइट स्लाइडवर ठेवलीच नाही. फ्रेमला कंस जोडून ती वर स्थिर धरली. १९९० मध्ये जेरी बार्नहार्ट यांनी अमेरिकेची राष्ट्रीय यूएसपीएसए नेमबाजी स्पर्धा अशा पिस्तुलावर जिंकली आणि खुल्या गटाचं चित्र पालटलं. ही बैठक भक्कम असली तरी होल्स्टरमध्ये अवजड. साइट लहान व दणकट झाल्यावर ती स्लाइडवर चढली: ट्रिजिकॉनची आरएमआर २००९ मध्ये आली, आणि २०१५ मध्ये ग्लॉकने कारखान्यातूनच खाचा पाडलेली एमओएस पिस्तुलं आणली.

आज बैठकीचे तीन मार्ग आहेत. मागच्या साइटच्या खाचेत बसणारी पट्टी सर्वांत सोपी, पण साइट उंच राहते आणि पकड एका अरुंद खाचेवर पडते. तयार खाचेच्या पिस्तुलावर सहसा मधली प्लेट लागते. सोय मोठी, पण जोड दोन होतात आणि स्क्रूंचे संचही दोन. ठरलेल्या एकाच साइटच्या मापाने स्लाइड कोरून घेणं हा माझ्या मते सर्वांत पक्का मार्ग. साइट खाली बसते आणि धक्का स्क्रूंऐवजी धातूच्या कडा व खुंट्या झेलतात. मात्र नंतर साइट बदलायची तर अडचण.

अडचण अशी की तळाच्या मापांवर कंपन्यांचं आजही एकमत नाही. आरएमआर, डॉक्टर, शील्ड, एक्रो हे तळांचे प्रकार, आणि प्रत्येकाची बसण्याची रीत वेगळी. म्हणून आधी पिस्तूल, मग तळ, मग साइट, असा क्रम धरावा. स्क्रू आखूड असेल तर आटे उपसतात. लांब असेल तर काही पिस्तुलांत रिकामं कवच ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या भागांना अडतो. तेल पुसून, आट्याला निळं लॉकर लावून, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळावं आणि डोक्यावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे स्क्रू फिरला की लगेच दिसतो. चार सेंटिमीटर लांबीच्या तळाखाली एका टोकाला ०.१ मिलिमीटरचा कण राहिला, तर २५ मीटरवर नेम सुमारे सहा सेंटिमीटर ढळतो. साइटच्या स्क्रूने तो भरून काढता येतो, पण दणक्याने कण चुरला की भरपाईही चुकीची ठरते.

पितळकामासाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात इतकं बारीक काम करणारे हात सापडतील, पण स्लाइड कोरणं हे शस्त्रावरचं काम आहे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्र बनवायला, दुरुस्त करायला, बदलायला परवाना लागतो, म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं. ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल प्रकारांत तर हा ठिपका चालतच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांतलं २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण माशी आणि खाच जुळवूनच मिळवलं.