वडसा परिसरातील दूरवैद्यक आणि ज्येष्ठ रुग्ण

वैनगंगेच्या पूर्व काठावरील वडसा (देसाईगंज) परिसरात दूरवैद्यकाची गरज मुळात अंतरातून निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद मार्ग येथे पोहोचला. १९९० च्या दशकात तो रुंद झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा वडसा हे त्याचे एकमेव रेल्वे स्थानक होते. जिल्हा रुग्णालय मात्र सुमारे पन्नास किलोमीटरवर गडचिरोलीला, आणि मोठ्या उपचारांसाठी नागपूर. आजारी म्हाताऱ्या माणसाला सोबत लागते. धानाच्या रोवणीत किंवा कापणीत सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. त्यामुळे दवाखाना लांबणीवर पडत असे.

या दिरंगाईची किंमत मोठी आहे. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू लकव्याने झाल्याचे आढळले; त्यांतील बहुतेक रुग्ण घरीच दगावले होते. लकवा टाळायचा तर बीपी नियमित मोजावा लागतो आणि गोळ्या चुकवून चालत नाही. अशा दीर्घ आजारांत वारंवार लागणारा सल्ला दुरूनही देता येतो.

भारतात इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचा प्रकल्प सुरू केला. त्यात लहान रुग्णालयातील रुग्ण मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञासमोर पडद्यावर येई. यंत्रणा रुग्णालयाची असल्याने रुग्णाला स्वतःचे साधन लागत नसे. इंटरनेट घरी पोहोचण्याचा वेग मात्र मंद राहिला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच ते होते. गडचिरोलीच्या दाट जंगलात टॉवर उभारणे कठीण. नक्षलग्रस्त भागांतील टॉवरसाठी केंद्राने २०१४ मध्ये वेगळी योजना मंजूर केली.

कोविडकाळात मोठा बदल झाला. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. रुग्णाने डॉक्टरशी थेट बोलण्याबरोबरच काळजीवाहकाने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णासाठी सल्ला घेण्यासही त्यांत मान्यता मिळाली. एप्रिल २०२० मध्ये घरबसल्या सल्ल्यासाठी ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. मोबाइलवर ओटीपी, नोंदणी, टोकन आणि मग व्हिडिओ कॉल, असा तिचा क्रम आहे. अक्षरे न दिसणाऱ्या किंवा कॉल कसा घ्यायचा हे ठाऊक नसलेल्या वृद्धाची वाट इथेच अडते.

ई-संजीवनीचा दुसरा मार्ग नोव्हेंबर २०१९ पासूनचा आहे आणि वृद्धांना तोच अधिक सोयीचा. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर तपासतो, लक्षणे नोंदवतो आणि रुग्णाला पडद्यावरील डॉक्टरांशी जोडून देतो. आशाताई रुग्णाला केंद्रापर्यंत आणण्यास आणि नंतर औषधांची आठवण देण्यास मदत करू शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरात ई-संजीवनीवरील सल्ल्यांचा आकडा १० कोटींवर गेला. लाभार्थ्यांत ज्येष्ठ नागरिक सुमारे १२ टक्के होते.

पोट दाबून पाहणे, जखम बांधणे किंवा लकव्याच्या झटक्यावर तातडीने उपचार करणे पडद्यावरून होत नाही. त्यासाठी १०८ ची रुग्णवाहिका आणि रुग्णालयच लागते. जंगलपट्टीतील ज्येष्ठांसाठी दूरवैद्यक टिकायचे, तर नेटवर्कइतकाच रुग्णाशेजारी बसणारा प्रशिक्षित माणूस आणि उपकेंद्रातला औषधांचा नियमित साठा आवश्यक आहे.