प्रवासातील उपग्रह-छत्री : दिशानिश्चितीचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीच्या इतिहासात प्रक्षेपण करणाऱ्या संस्थांची नोंद विपुल आढळते. संदेश ग्रहण करणाऱ्या सामान्य माणसाच्या श्रमाची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. स्थळ बदलताच उपग्रहाची दिशा नव्याने शोधणे हा असाच एक दुर्लक्षित श्रम होय. प्रस्तुत लेखात या दिशानिश्चितीची वाटचाल तपासली आहे.

फिरता उपग्रह, फिरते जहाज

10 जुलै 1962 रोजी अवकाशात गेलेला ‘टेलस्टार’ उपग्रह पृथ्वीभोवती वेगाने फिरत असे. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून तो एका फेरीत जेमतेम 20 मिनिटे दिसे. त्याचा माग काढण्यासाठी अमेरिकेतील अँडोव्हर येथे शेकडो टनांचा अँटेना उभारावा लागला. अशी यंत्रणा प्रवासात नेणे अर्थातच अशक्य होते.

1963 मधील ‘सिनकॉम-2’मुळे हे चित्र पालटू लागले. नायजेरियातील लागोस बंदरात उभ्या असलेल्या ‘किंग्सपोर्ट’ या अमेरिकी जहाजावर 30 फूट व्यासाचा अँटेना बसविला होता. जहाजाच्या हेलकाव्यांची भरपाई करून तो उपग्रहावर रोखून धरला जाई. 23 ऑगस्ट 1963 रोजी अध्यक्ष केनेडी आणि नायजेरियाचे पंतप्रधान बालेवा यांचे संभाषण याच मार्गाने झाले. पुढील वर्षीचा ‘सिनकॉम-3’ खऱ्या अर्थाने भूस्थिर ठरला. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह आकाशात एकाच ठिकाणी भासू लागला आणि शोधाचे काम बरेच सोपे झाले.

भारतातील प्रयोग

भारतात मात्र छत्र्या स्थिर राहिल्या आणि उपग्रहानेच प्रवास केला. अमेरिकेचा ‘एटीएस-6’ उपग्रह 35 अंश पूर्व रेखांशावर आणून 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात ‘साइट’ प्रयोग राबविण्यात आला. सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांत तारेच्या जाळीच्या, 3 मीटर व्यासाच्या छत्र्या पश्चिमेकडे रोखून बसविल्या गेल्या. मुदत संपताच उपग्रह परत नेण्यात आला. छत्र्यांचा रोख अचूकच होता. परंतु त्या दिशेला आता उपग्रह नव्हता.

पर्यटकाच्या हाती छत्री

11 डिसेंबर 1988 रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रा-1ए’ उपग्रहामुळे पश्चिम युरोपात सुमारे 60 सेंटिमीटरची छत्री पुरेशी ठरली. साहजिकच ती निवासी गाड्यांतून प्रवासास निघाली आणि पूर्वी अभियंते करीत ते काम पर्यटकाकडे आले. 19.2 अंश पूर्वेवरील या उपग्रहस्थानासाठी हॅम्बुर्गमध्ये छत्रीचा दिगंश उत्तरेपासून सुमारे 169 अंश, तर क्षितिजापासूनचा उन्नतांश 28 अंश ठेवावा लागतो. स्पेनमधील मालागा येथे हेच आकडे अनुक्रमे 144 व 41 होतात. यांखेरीज छत्रीपुढील ग्राहकाला ध्रुवणानुसार किंचित पीळ द्यावा लागतो. गाडीच्या लोखंडाजवळ होकायंत्र चुकते, झाडाची फांदी संकेत अडविते आणि अंशभराच्या चुकीने पडदा कोरा राहतो. पुढे स्वयंचलित छत्र्यांनी हे कौशल्य यंत्राकडे सोपविले.

निष्कर्ष

अँडोव्हरच्या अवाढव्य यंत्रणेपासून गाडीच्या टपावरील छत्रीपर्यंत दिशानिश्चितीचे काम क्रमाने सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तथापि त्याबरोबर ग्रहणाचा अधिकारही त्याच्याकडे आला, असे म्हणता येत नाही. 2014 मध्ये ब्रिटिश वाहिन्या ब्रिटनपुरत्या आखलेल्या अरुंद शलाकेवर नेण्यात आल्या, तेव्हा स्पेनमधील अनेक ब्रिटिश रहिवासी व प्रवासी अचूक रोखलेल्या छत्र्या असूनही त्यांना मुकले. 1976 मधील भारतीय गावांची आणि त्यांची परिस्थिती भिन्न होती. अनुभव मात्र एकच होता. छत्री कोठे रोखावी हे प्रेक्षक ठरवू शकतो. शलाका कोणावर पडावी, हा निर्णय त्याच्या हाती नसतो. संपर्कमाध्यमांच्या इतिहासलेखनात या दोन बाबी वेगळ्या तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.