हुंडीपासून आयबॅनपर्यंत

गेल्या वर्षी ऐन आषाढात आमची मावशी न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया दोन दिवसांत झाली पाहिजे, असे डॉक्टरांनी सांगितले. मावसभाऊ म्युनिकला असतो, त्याला तिकडे सव्वीस वर्षे झाली. त्याने त्याच रात्री पैसे पाठवले आणि फोनवर सांगितले, "काळजी करू नका, पैसे निघाले." निघाले खरे, पण पोचले नाहीत. आम्ही रोज मधल्या सुट्टीत कचेरीतून बँकेत जायचो आणि 'अजून काही आलेले नाही' हे उत्तर घेऊन परत यायचो. शेवटी कर्मचारी पतपेढीतून उचल घेतली, उरलेले शेजाऱ्यांनी न मागता आणून दिले, आणि शस्त्रक्रिया पार पडली. अठराव्या दिवशी ते पैसे मावसभावाच्या खात्यात परत गेले. मधल्या बँकांनी आपापला आकार कापून घेतला होता.

चूक कुणाची, हे शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. मावशी खाते क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहिते, पण हात चारवर आला की तिचा देवनागरी चारच उमटतो. मराठी शाळेत गिरवलेला आणि बडोद्याच्या गुजराती दुकानदारांच्या बिलांनी पक्का झालेला चार. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरचा तो क्रमांक आमच्या चिरंजीवांनी फोटो काढून पाठवला. मावसभावाने त्यातला ४ इंग्रजी आठ म्हणून वाचला. लहानपणी याच पाटीवर शिकलेला माणूस, पण सव्वीस वर्षांत डोळ्याला दुसरी सवय लागली. त्या आठवाल्या क्रमांकाचे खातेच नव्हते, म्हणून पैसे परत गेले. ते खाते असते तर काय झाले असते, हा विचार आम्ही त्या वेळी केला नाही आणि नंतर मात्र पुष्कळ केला.

पुढे मार्गशीर्षात उलटा प्रसंग आला. पुतणी शिकायला जर्मनीत गेली आहे. तिच्या खोलीचे भाडे इथून पाठवायचे होते. तिने फोनवर आकडे जोडीजोडीने सांगितले. 'त्रेसष्ट' म्हटले आणि आम्ही आधी तीन लिहिला, मग सहा. मराठीत त्रेसष्टमधला तीन आधी येतो ना! (जर्मनीतही 'तीन आणि साठ' असेच म्हणतात, असे पुतणी सांगते.) शाखेतल्या मुलीने आमच्या कागदावरून क्रमांक यंत्रात टाकला आणि पडद्यावर लगेच लाल ओळ आली : क्रमांक चुकीचा आहे. पैसे जागचे हललेसुद्धा नाहीत.

घर तेच, चूक त्याच जातीची. मग जर्मनीकडे जाताना ती क्षणात पकडली गेली आणि बडोद्याकडे येताना अठरा दिवस का लागले? आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. स्थापत्याचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसे. पण या प्रश्नापायी बरेच वाचन झाले. ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो, कारण आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरचे कुणी ना कुणी आता समुद्रापार आहे.

सुरुवात हुंडीपासून करायला हवी. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर गुजरातेत आले तेव्हा पैसा बैलगाडीतून कमीच फिरत असे; तो कागदावर फिरत असे. बडोद्यातली पेढी पुण्याच्या किंवा सुरतेच्या पेढीवर हुंडी लिही, आणि तिथला सराफ ती पटवी. इथे हरिभक्तींची पेढी नामांकित होती, गायकवाड सरकारही तिच्याकडून कर्ज घेत असे. रस्त्यात कागद हरवला तर काय, आकडा बदलला तर काय, भलत्याच माणसाने आणला तर काय, ही सगळी भीती त्या लोकांनाही होतीच. तिच्यावरचे त्यांचे उपाय वाचून आम्ही थक्क झालो.

रक्कम आकड्यात लिहीत आणि अक्षरातही लिहीत. एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. हजाराची हुंडी असेल तर पुढे 'निमे पाचशे, त्यांची दुप्पट पुरी' अशा अर्थाची ओळ असे. हजाराचे कुणी नऊ हजार केले तर निम्म्याचा हिशोब जुळणार नाही. कागदाने स्वतःच स्वतःचा साक्षीदार व्हायचे, अशी ही युक्ती. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत, आणि तीही हरवली तर परपेठ. शिवाय हुंडी लिहिणारा पैसे देणाऱ्या पेढीला वेगळे पत्र पाठवी, आणि तिकडचा गुमास्ता दोन्ही कागद शेजारी ठेवून पाही.

हे झाले आकड्याचे. माणसाचे काय? धनीजोग हुंडीचे पैसे धन्यालाच मिळायचे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहामार्फतच मिळायचे, आणि भलत्याला गेले तर त्या शहाने ते भरून द्यायचे. आज आपण कुणी साळसूदपणाचा आव आणला की 'शहाजोगपणे बोलतो' म्हणतो. सराफांच्या तोंडी हा शब्द कौतुकाचा होता.

नरसी मेहतांची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. जुनागढला यात्रेकरूंनी त्यांच्याकडे द्वारकेची हुंडी मागितली आणि त्यांनी ती शामळशा शेठच्या नावावर लिहून दिली. आपल्या बडोद्याच्या प्रेमानंदाने त्यावर आख्यान रचले आहे. यात्रेकरू द्वारकेत विचारत हिंडले, तर त्या नावाचा शेठच कुणाला माहीत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर 'असे खाते अस्तित्वात नाही'. मेहतांची हुंडी पटवायला द्वारकाधीश स्वतः आले. मावशीच्या वेळी ती सोय नव्हती.

टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये आली. तिच्यात क्रमांकाला महत्त्व नव्हते. नाव, पत्ता आणि पोस्टमनची ओळख यांवर सगळे चाले. तारेने पैसा पाठवणे सुरू झाल्यावर मात्र नवाच धोका आला. तारेत अक्षर म्हणजे ठिपके आणि रेघा. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँक प्रिमरोज नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या आपल्या अडत्याला सांकेतिक तार केली. तीत 'बे' असा शब्द होता, त्याचा ठरलेला अर्थ 'मी खरेदी केली आहे'. वाटेत कुठेतरी एक ठिपका वाढला आणि 'बे'चा 'बाय' झाला, म्हणजे 'खरेदी कर'. अडत्याने लोकर घेत सुटायचे काम केले आणि व्यापाऱ्याला सुमारे २०,००० डॉलरचा फटका बसला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९४ च्या निकालात त्याच्या हाती तारेचे शुल्क तेवढे आले : १ डॉलर १५ सेंट. कारण तारेच्या फॉर्मवर छापलेलेच होते की चूक टाळायची असेल तर निम्मे शुल्क जास्त भरा, आम्ही तार परत उलटी पाठवून पडताळून घेऊ. प्रिमरोजने ते निम्मे शुल्क वाचवले होते.

बँकांनी तारेसाठी गुप्त तक्ते केले. रक्कम, तारीख, चलन यांना तक्त्यातले ठरलेले आकडे द्यायचे, त्यांची बेरीज तारेत लिहायची, आणि पलीकडच्या बँकेने आपल्या तक्त्यावरून तीच बेरीज करून पाहायची. हुंडीतल्या 'निम्म्याची दुप्पट' या ओळीचीच ही वंशावळ.

१९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी ब्रुसेल्सला स्विफ्ट ही संस्था काढली. १९७७ पासून तिच्यामार्फत संदेश जाऊ लागले. पुष्कळांना वाटते की स्विफ्टमधून पैसे जातात. जातो तो फक्त संदेश, पूर्वीच्या हुंडीसारखा. पैशांची जमा-नावे बँका आपापसातल्या खात्यांवर करतात, आणि म्हणूनच मध्ये एकदोन बँका येतात आणि आकार कापतात. प्रत्येक बँकेला ८ किंवा ११ अक्षरांचा संकेत मिळाला. पण बँकेचा पत्ता बरोबर असला तरी आतल्या खात्याचा क्रमांक प्रत्येक देशात वेगळ्या लांबीचा आणि वेगळ्या पद्धतीचा. त्यावर युरोपने आयबॅन आणला. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो : देशाची दोन अक्षरे, मग तपासणीचे दोन आकडे, मग ८ आकडी बँक क्रमांक आणि १० आकडी खाते क्रमांक. सगळे कसब त्या तपासणीच्या दोन आकड्यांत आहे. पहिली चार अक्षरे उचलून शेवटी न्यायची, अक्षरांच्या जागी ठरलेले आकडे घालायचे आणि त्या लांबलचक संख्येला ९७ ने भागायचे. बाकी १ उरली तर क्रमांक सुसंगत. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर बाकी १ उरतच नाही. आमचा छत्तीस तिथेच पकडला गेला.

भारताने आयबॅन स्वीकारलेला नाही, अमेरिकेनेही नाही. आपल्याकडे प्रत्येक बँकेच्या खाते क्रमांकाची लांबी वेगळी, आणि म्युनिकच्या यंत्राला तो बरोबर की चूक हे कळायला काही मार्ग नाही. आपला आयएफएससी शाखा सांगतो, खाते नाही. त्याची ११ अक्षरे, त्यातले पाचवे नेहमी शून्य. इंग्रजी 'ओ' लिहिणारे लोक आम्ही पाहिले आहेत. शिवाय बँका एकमेकींत विलीन होतात. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका १९०८ साली सयाजीरावांच्या प्रेरणेने निघालेल्या आपल्या बँक ऑफ बडोदात आल्या, आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने संकेत बंद झाले. जुने पासबुक बघून परदेशातला मुलगा पैसे पाठवतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानात असते?

पण आयबॅनवर भाळून जाण्यातही अर्थ नाही. आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. लेव्हल बुकात पानाच्या शेवटी बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज आणि शेवटची पातळी वजा पहिली पातळी, ही दोन उत्तरे जुळावी लागतात. जुळली म्हणजे हिशोब बरोबर. पण खलाशाने पट्टी चुकीच्या खुंटीवर धरली असेल तरी हिशोब बरोबरच येतो! आयबॅनचेही तसेच. क्रमांक सुसंगत आहे एवढेच तो सांगतो. तो क्रमांक तुमच्या पुतणीचा की घरमालक म्हणून मेल पाठवणाऱ्या ठगाचा, हे त्याला ठाऊक नसते.

इथे नावाची गरज पडते. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत शिरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे जवळजवळ १०० कोटी डॉलरचे आदेश पाठवले. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेलेसुद्धा. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी अडले ते एका शब्दामुळे : 'फाउंडेशन'चे स्पेलिंग 'फँडेशन' झाले होते, आणि मधल्या बँकेत ते खटकले. यंत्राच्या दृष्टीने आदेशात काही खोट नव्हती. नाव वाचले गेले म्हणून ते पैसे वाचले.

आणि नेमके नावच आपण मधल्या काळात सोडून दिले होते. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येईल आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची राहील. लाखो व्यवहार रोज निपटायचे तर दुसरा इलाज नव्हता, हे आम्ही समजू शकतो. तरीही शहाजोग हुंडी लिहिणाऱ्या सराफाला हे ऐकून काय वाटले असते! आता चक्र परत फिरते आहे. १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. युरो वापरणाऱ्या देशांतही ९ ऑक्टोबर २०२५ पासून नाव पडताळणे बँकांना बंधनकारक झाले. पण या तरतुदी आपापल्या हद्दीपुरत्या आहेत. म्युनिक ते बडोदे हा रस्ता दोन्हींच्या बाहेर पडतो. त्यात आपली नावे! गुजरातेतल्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. आणि मावशीच्या एका जुन्या कागदावर तर अजून माहेरचे नाव आहे.

घरात आता असे ठरले आहे की खात्याची माहिती हाताने लिहायची नाही आणि फोनवर सांगायची नाही. बँकेच्या छापील धनादेशाचा फोटो पाठवायचा. मावसभावाने आपल्या यादीतला मावशीचा क्रमांक पुसून धनादेशावरून नव्याने टाकला. मग त्याने आधी फक्त दहा युरो पाठवले. ते पासबुकात छापून आलेले मावशीने स्वतः वाचून दाखवले, तेव्हा बाकीची रक्कम निघाली. दोनदा पाठवण्याचा आकार दोनदा पडला, आणि मावशीने त्यावर कुरकुर केली. आम्ही तिला फिलाडेल्फियाच्या लोकरवाल्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं नव्हतं ना?" आणि पासबुक उशाखाली ठेवले.