आणेवारी ते एक्झिट पोल

जनमत चाचणी म्हणजे मोजक्या मतदारांना विचारून सगळ्यांचा कल काढणे. तिचा उगम १८२४ च्या अमेरिकेतला मानतात. त्या वर्षी हॅरिसबर्गच्या एका वृत्तपत्राने अध्यक्षपदाच्या लढतीबद्दल विल्मिंग्टन गावचा कौल छापला. पुढची शंभरेक वर्षे असे कौल निघत राहिले आणि जितकी डोकी जास्त तितका अंदाज पक्का, ही समजूत रुजली. १९३६ मध्ये तिचे पितळ उघडे पडले. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांच्या जोरावर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन यांचा विजय जाहीर झाला. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मते पडली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीतही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट यांचे नाव आधीच सांगितले होते.

मूठभर माणसे निवडायची कशी, याचे शास्त्र मात्र मतदानकेंद्रापेक्षा शेतात जास्त घडले आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक धरून गावचे पीक किती आणे आले, हे पूर्वी नजरेने ठरत असे. हीच आणेवारी, आता पैसेवारी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला शिकत असताना, १९३४ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी लोकसंख्येचे थर पाडून प्रत्येक थरातून चिठ्ठीने नमुना घेण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी सुखात्मे यांनी त्या विषयावर निबंध लिहिला. भारतात परतल्यावर त्यांनी ती रीत पीक कापणीच्या प्रयोगांना लावली: चिठ्ठीने गाव, मग शेत, मग शेतातला चौकोन. चौकोन फार लहान आखला तर काठावरची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हेही त्यांनी दाखवून दिले. मोजणाऱ्याचा हात कुठे वळतो, यावर अंदाज हलतो. निवडणुकीच्या चाचणीतही खरी मेख हीच.

टिटवाळ्यात चाचणी घ्यायची झाली तर ही मेख लगेच दिसते. गाव कल्याण-डोंबिवली महापालिकेत, लोकसभेला भिवंडी मतदारसंघात. अंगारकीला स्टेशनाबाहेर उभे राहून दोनशे जणांना विचारणे सोपे, पण त्यांतले बहुतेक महागणपतीच्या दर्शनाला आलेले बाहेरगावचे. मत त्यांचे भलतीकडे. दुपारी घरोघर जावे तर नोकरदार पहाटेच्या लोकलने गेलेले, उंबऱ्यावर भेटतात म्हातारी माणसे आणि गृहिणी. नव्या इमारतींत राहणाऱ्या कित्येकांची नावे अजून जुन्या पत्त्याच्याच यादीत. म्हणून नेटकी चाचणी आधी चिठ्ठीने मतदानकेंद्रे काढते, मग मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे, आणि सर्वेक्षकाला त्याच नावाच्या दारी, गरज पडली तर रात्री, पुन्हा पाठवते. शेजारचा चालत नाही. अशी निवड असेल तर हजार उत्तरांवरून काढलेली टक्केवारी साधारण तीन अंकांनी वरखाली होऊ शकते. मग मतदार वीस लाख असोत की वीस कोटी, फारसा फरक पडत नाही.

भारतात हे तंत्र १९५० च्या दशकात एरिक डिकॉस्टा यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियनने आणले. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेने १९६७ पासून निवडणुकांचे अभ्यास सुरू केले. मतदान करून बाहेर पडणाऱ्याला गाठण्याची, म्हणजे एक्झिट पोलची, पद्धत त्याच वर्षी नेदरलँड्स आणि अमेरिकेत निघाली. प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर या निवडणूक अभ्यासकांनी १९८० च्या दशकात भारतासाठी मतांच्या जागा करण्याचे गणित बसवले. विरोधकांच्या एकीचा निर्देशांक त्यातलाच.

हे गणित फार निसरडे. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचेही अंतर नव्हते, तरी जागा आल्या ३० आणि १७. टक्केवारी अचूक सांगणाराही इथे तोंडघशी पडला असता. देशात त्याच वेळी बऱ्याच एक्झिट पोलनी रालोआला ३५० च्या वर नेले; मिळाल्या २९३. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला चूक उलट दिशेने झाली: महायुतीची सरशी अनेकांनी सांगितली, २३० चा आकडा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहिला.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून अखेरचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीही दाखवता येत नाही. चाचणी कोणी केली, कोणी करवून घेतली, किती जणांना विचारले, त्यांना कसे निवडले आणि चुकीची शक्यता किती, हे सोबत छापावे असे प्रेस कौन्सिलचे वृत्तपत्रांना सांगणे आहे. वाहिनीच्या पडद्यावर यांपैकी दिसते ते बहुधा फक्त किती जणांना विचारले तेवढे, तेही खालच्या बारीक पट्टीत.