बापलेकांची हाफ : एका अंतराचा इतिहास

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला राजवाड्याची कथा चिकटलेली आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत विंडसरच्या किल्ल्यापाशी सुरू झाली, स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपली आणि १९२१ साली तेच अंतर कायमचे नियमात आले. हाफ मॅरेथॉनच्या वाट्याला अशी कथा नाही. २१.०९७५ किलोमीटर हा आकडा निव्वळ भागाकारातून आलेला. ऑलिंपिकमध्ये ही धाव कधी झाली नाही, आणि तिच्या जागतिक विक्रमांची अधिकृत नोंद सुरू व्हायला २००४ साल उजाडले. तरीही बाप आणि मुलगी, आई आणि मुलगा एकाच रंगाचे टीशर्ट घालून शेजारी शेजारी धावताना दिसतात ते बहुतेक या अंतरावर. पुढे फुल मॅरेथॉन करायची म्हणून घरातला तरुण हाफला नाव नोंदवतो आणि सोबत वडिलांनाही घेतो, हे आता नवलाचे राहिलेले नाही. या सोबतीची मुळे ऑलिंपिकच्या मैदानापेक्षा न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या रस्त्यांवर अधिक सापडतात.

तिथे आर्थर लिडियार्ड नावाचा, बुटांच्या कारखान्यात काम करणारा, रग्बी खेळणारा तरुण होता. आपण धडधाकट आहोत अशी त्याची खात्री होती. स्थानिक क्लबचे जॅक डोलन त्याला एकदा पाच मैलांच्या धावेला घेऊन गेले आणि त्या धावेत लिडियार्डची पुरती दमछाक झाली. आज ही गत, तर वय वाढल्यावर आपले काय होईल, या प्रश्नाने त्याला पछाडले. पुढची काही वर्षे तो स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करत राहिला. कधी आठवड्याला फार कमी धावला, कधी अतोनात धावला, आणि शेवटी आठवड्याला सुमारे १०० मैल, तेही बेताच्या वेगाने, या हिशेबावर येऊन थांबला.

त्याच्या पद्धतीत रविवारला फार मान होता. वायटाकेरेच्या डोंगररांगेतून जाणारा वायाटारुआचा २२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरचा चढउतारांचा रस्ता सगळ्यांनी धावायचा. ८०० मीटरवाल्यालाही त्यातून सूट नसे. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, ही वेगाची मर्यादा. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. दोघेही लिडियार्डचे शिष्य. त्याच ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये त्याच्याच बॅरी मॅगीने कांस्यपदक मिळवले. हळू आणि लांब धावूनच वेगाचा पाया पक्का होतो, हे मग जगाला मान्य करावे लागले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना १९६२ साली घडली. लिडियार्डच्या सल्ल्याने ऑकलंडमध्ये साध्या माणसांचा जॉगिंग क्लब निघाला. पोट सुटलेले व्यापारी, मध्यमवयीन नोकरदार, हृदयविकारातून उठलेले लोक त्यात होते. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगनचे प्रख्यात प्रशिक्षक बिल बावरमन तिथे पाहुणे म्हणून गेले. वय पन्नाशीच्या पुढे, पण स्वतःला तंदुरुस्त समजणारे. क्लबबरोबर धावायला निघाले आणि थोड्याच वेळात मागे पडले. त्यांना सोबत करायला एक सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले गृहस्थ मागे थांबले आणि गप्पा मारत त्यांना शेवटपर्यंत घेऊन आले. बावरमन घरी परतले ते हा धडा घेऊनच. त्यांनी आपल्या गावात असेच वर्ग सुरू केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर पुस्तक लिहिले. अमेरिकेतल्या लाखो घरांतले आईबाप त्या लाटेत धावायला बाहेर पडले. थोरल्याने धाकट्यासाठी वेग कमी केला, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

हाफ मॅरेथॉनच्या शर्यती तोवर तुरळक सुरू झाल्या होत्या. पोर्तो रिकोमधल्या कोआमो गावात ग्रामदैवत असलेल्या संताच्या नावाने भरणारी सान ब्लास हाफ मॅरेथॉन १९६३ पासूनची. मात्र या अंतराला लोकांची शर्यत बनवले ते इंग्लंडच्या ईशान्येने, आणि तेही ऑकलंडच्याच उदाहरणावरून. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधला १०,००० मीटरचा कांस्यपदकविजेता ब्रेंडन फॉस्टर १९७९ मध्ये ऑकलंडच्या ‘राउंड द बेज’ या समुद्रकाठच्या सामूहिक धावेत सहभागी झाला. हजारो लोक, त्यात आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे, एका रस्त्यावर धावताहेत हे त्याने पाहिले. घरी आल्यावर त्याने न्यूकॅसलपासून साउथ शील्ड्सच्या समुद्रापर्यंत एक मार्ग आखला. २८ जून १९८१ रोजी पहिल्या ‘ग्रेट नॉर्थ रन’ला सुमारे १२,००० माणसे आली. टाइन नदीवरच्या लोखंडी पुलावरून हा लोंढा जातो, आणि शेवटचा पल्ला समुद्राच्या कडेने पूर्ण होतो. १९९२ ची पहिली जागतिक हाफ मॅरेथॉन स्पर्धा याच मार्गावर झाली, आणि २०१४ मध्ये या शर्यतीची अंतिम रेषा ओलांडणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेली. मुलांसाठी वेगळ्या छोट्या धावाही तिथे होतात.

मॅरेथॉनच्या तयारीत हाफला पक्की जागा मिळाली ती शरीराच्या गणितामुळे. स्नायू आणि यकृत यांत साठलेले ग्लायकोजेन साधारण ३० किलोमीटरपर्यंत पुरते. त्यानंतर पाय अचानक जड होतात, डोके चालेनासे होते. हाफ त्या टप्प्याच्या बरीच अलीकडे संपते. म्हणून शर्यतीची गर्दी, पहाटेचा चहा आणि पोट साफ होण्याची घाई, पाणी कुठे आणि किती घ्यायचे, बूट कुठे चावतात, या सगळ्याची रंगीत तालीम तिथे करता येते आणि आठवड्याभरात पुन्हा सरावाला लागता येते. अमेरिकन धावपटू-लेखक हॅल हिग्डन यांच्या नवशिक्यांसाठीच्या १८ आठवड्यांच्या प्रसिद्ध वेळापत्रकात आठव्या आठवड्याच्या शेवटी हाफ मॅरेथॉनच ठेवलेली आहे.

आता इथे वडिलांना सोबत घेतले तर काय होते? बहुतेक तरुणांना वाटते की आपला सराव वाया गेला. हे चूक आहे. मॅरेथॉनची तयारी करणारे बहुसंख्य लोक लांब धाव फार वेगाने धावतात आणि त्यातच दुखापती ओढवून घेतात. साठीच्या वडिलांशेजारी, त्यांना बोलता येईल अशा वेगाने अडीच-तीन तास पायांवर राहणे हा लिडियार्डच्या रविवाराच्या अगदी जवळ जाणारा सराव आहे. ज्याला त्या दिवशी स्वतःची वेळ नोंदवायची आहे त्याने अर्थातच एकटे धावावे. दोन्ही हेतू एका सकाळी साधत नाहीत.

बापलेकांच्या धावण्याचा विषय निघाला की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डिक आणि रिक हॉइट यांच्यापाशी थांबावेच लागते. रिकचा जन्म १९६२ चा. जन्मावेळी नाळ गळ्याभोवती अडकून मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. त्याला संस्थेत ठेवा, असा सल्ला मिळाला होता. आईवडिलांनी तो मानला नाही. १९७२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या अभियंत्यांनी तयार केलेल्या यंत्रावर, डोक्याच्या हालचालीने एकेक अक्षर निवडत रिक बोलू लागला. १९७७ मध्ये अपघाताने पंगू झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव होती. मला त्यात जायचे आहे, असे रिकने सांगितले. डिक लष्करी नोकरीतला, पण धावपटू नव्हता. धावण्यासाठी न बनवलेली जड चाकाची खुर्ची ढकलत तो धावला आणि दोघे शेवटून दुसरे आले. त्या रात्री रिकने यंत्रावर वडिलांना कळवले, की धावताना आपले अपंगत्व नाहीसे झाल्यासारखे वाटते.

मग डिकने सराव सुरू केला. रिक शाळेत असे, म्हणून खुर्चीत सिमेंटचे पोते ठेवून तो रस्त्यावर धावत असे. बॉस्टन मॅरेथॉनने सुरुवातीला त्यांना अधिकृत प्रवेश दिला नाही. १९८१ मध्ये ते विनानोंदणी धावले. नंतर अट आली, की प्रवेश हवा तर मुलाच्या वयोगटाची पात्रता वेळ गाठा. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बापाने खुर्ची ढकलत विशीतल्या तरुणाची २ तास ५० मिनिटांची वेळ गाठायची. १९८३ च्या मरीन कोअर मॅरेथॉनमध्ये त्यांनी २:४५:२३ अशी वेळ दिली आणि पुढच्या वर्षीपासून ते बॉस्टनचे अधिकृत स्पर्धक झाले. एकूण ७२ मॅरेथॉन, त्यांतल्या ३२ बॉस्टनच्या, आणि त्यांच्या भोवती नव्वदहून अधिक हाफ मॅरेथॉन त्यांच्या नावावर आहेत. शेवटची म्हणून ठरवलेली २०१३ ची बॉस्टन बॉम्बस्फोटांमुळे अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबली. त्यामुळे ते २०१४ मध्ये परत आले आणि ती पूर्ण करूनच थांबले. सुरुवातीच्या रेषेजवळ, हॉपकिंटन गावात दोघांचा पुतळा आहे. डिक २०२१ मध्ये गेले, रिक २०२३ मध्ये.

उलटे उदाहरणही आहे. उत्तर आयर्लंडचे टॉमी ह्यूज १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची मॅरेथॉन धावलेले. २०१९ च्या फ्रँकफर्ट मॅरेथॉनमध्ये ५९ वर्षांच्या टॉमींनी २:२७:५२ आणि ३४ वर्षांच्या त्यांच्या मुलाने, ओइनने, २:३१:३० अशी वेळ दिली. बापलेकांची मिळून ४:५९:२२ ही तेव्हा विक्रमी ठरली. पुढे बाप होता.

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबई मॅरेथॉन फेब्रुवारी २००४ पासूनची, आणि यवतेश्वरच्या घाटात चढणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. जानेवारीत मुंबईची फुल करायची आणि त्याआधी पावसाळा सरता सरता साताऱ्याची हाफ करून पाय जोखायचे, हा अनेक मराठी धावपटूंचा ठरलेला क्रम झाला आहे. मात्र प्रथमच धावणाऱ्या आईवडिलांना घाटात नेऊ नये. त्यांच्यासाठी सपाट रस्त्याची, थंड महिन्यातली हाफ बरी.

आईवडिलांसाठी फुलपेक्षा हाफ सुरक्षित, याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात सुमारे १ कोटी ९ लाख सहभागांचा अभ्यास झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या. फुलमध्ये हे प्रमाण लाखामागे १.०१, तर हाफमध्ये ०.२७ होते, आणि बहुतेक रुग्णांना आधीपासूनच हृदयाचा आजार होता. तेव्हा वडिलांना किंवा आईला सोबत घ्यायचे ठरले असेल तर पहिले काम डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घेण्याचे. मग किमान चार महिने आठवड्यातून तीन दिवस चाल आणि धाव आलटून पालटून, रविवारी थोडी लांब. शर्यतीच्या दिवशी वेग त्यांनी ठरवावा, घड्याळ त्यांच्या मनगटावर असावे, आणि छातीत, जबड्यात किंवा हातात काही वेगळे वाटले तर कितीही किलोमीटर उरलेले असोत, दोघांनीही तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.