गणेशखिंडीच्या वाटेवर

23 सप्टेंबर 1896. मुंबईच्या मांडवी भागातल्या एका रोग्याला तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी निदान केले : प्लेग. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले. मांडवीच्या धान्याच्या गोदामांत उंदीर मरून पडत होते. पुण्यातल्या पिस्तुलाच्या गोळ्यांना अजून नऊ महिने होते.

ऑक्टोबर 1896. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला रात्रीतून कोणी डांबर फासले, गळ्यात जोड्यांची माळ घातली. माणूस सापडला नाही. तो चिंचवडच्या हरी विनायक चापेकर या कीर्तनकारांचा थोरला मुलगा दामोदर होता. सुधारकांना अंधारात गाठून मारहाण करण्याचे काम त्याने आणि त्याच्या भावाने आधीच सुरू केले होते.

पुण्यात वादाची परंपरा होती. मिल आणि स्पेन्सर पचवलेले आगरकर ‘सुधारक’मधून रूढींना जाब विचारत आणि त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. 17 जून 1895 रोजी ते खरोखरच गेले. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवली तर मंडप जाळू, अशी धमकी आली आणि रानडे यांनी परिषद दुसरीकडे नेली. माझ्या मते पुण्याला पहिला इशारा मिळाला तो इथे. धर्म आणि विवेक यांचा झगडा लेखणीच्या हातून निसटू लागला होता आणि शांतता राखण्यासाठी मागे सरलेल्यांनाही ते दिसले असणार.

10 जानेवारी 1897. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. प्लेगचा जंतू तीन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो माणसापर्यंत कसा पोचतो, हे मात्र कळले नव्हते. घाण, जमीन, कोंदट हवा, स्पर्श, कपडे असे तर्क होते.

4 फेब्रुवारी. साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. घरात शिरणे, माणसे हलवणे, सामान नष्ट करणे हे सारे अधिकार सरकारला मिळाले.

फेब्रुवारीअखेर. पुण्यात 657 मृत्यू. निम्मे शहर गाव सोडून गेलेले. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, हे माणसे कोणाच्या आदेशाशिवाय करत होती. त्यामागचे कारण त्यांनाही ठाऊक नव्हते. पण ती कृती बरोबर होती.

सोमवार, 8 मार्च. विशेष प्लेग समिती नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, सनदी अधिकारी. सोबत कर्नल फिलिप्स आणि सर्जन-कॅप्टन बेव्हरिज.

बुधवार, 10 मार्च. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता लागण झालेल्या सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या राबत होत्या. रोग्याला हात लावायला त्यांना कोणत्या कलमाची गरज पडली नव्हती.

शुक्रवार, 12 मार्च. ड्युरॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेट यांच्या हाताखाली 893 अधिकारी आणि शिपाई प्लेगच्या कामावर आले. सगळ्या घटनाक्रमात मी सर्वांत जास्त वेळ थांबतो तो या आकड्यापाशी. घरोघर जाऊन रोगी शोधायचे होते. त्या कामाला डॉक्टर, दाया, पेठेतली ओळखीची माणसे लागतात. इथे पलटण पाठवली गेली.

शनिवार, 13 मार्च, सकाळ. झडत्या सुरू झाल्या. शिपाई बुटांसह माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरले. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत, बिछाने आणि कपडे आगीत. जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला. बायकांना रस्त्यावर आणून तपासल्याच्या, देवांच्या मूर्ती फोडल्याच्या, सामान चोरीला गेल्याच्या तक्रारी वाढू लागल्या.

जे खरोखर शोधायला हवे होते ते कोणी शोधत नव्हते. मेलेल्या उंदराच्या अंगावरून उतरलेली पिसू डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असते. शिपाई मात्र माणसांच्या काखा आणि जांघा तपासत होते.

एप्रिल आणि मे. लोकमान्य टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभे केले आणि ‘केसरी’तून रँड यांच्या कारभारावर टीका केली. ‘सुधारक’नेही केली. पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या एका पत्रात प्लेग इस्पितळाबद्दल लिहिले. संमतिवयाच्या वादापासून सामाजिक परिषदेपर्यंत एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे एकच गोष्ट सांगत होती : रोग आवरा, पण घराची आणि बाईमाणसाची अब्रू राखा. प्लेगविरुद्ध काही करू नका, असे त्यांतले कोणीच म्हणत नव्हते. एवढा मोलाचा इशारा सरकारला पुन्हा मिळणार नव्हता. झडत्या चालू राहिल्या.

बुधवार, 19 मे. झडत्या थांबल्या. साथ ओसरली होती. प्लेगचे बळी अंदाजे 2091. समितीच्या दृष्टीने काम संपले. चापेकरांच्या घरात ते संपले नव्हते.

शनिवार, 12 जून. शिवराज्याभिषेकाचा उत्सव. अफझलखानाचा वध न्याय्य होता का, यावर व्याख्यान झाले. मंगळवार, 15 जूनच्या ‘केसरी’त त्याचा वृत्तान्त आला. सात दिवस उरले.

मंगळवार, 22 जून, दुपारी सुमारे 4. लंडनमध्ये सकाळचे सव्वाअकरा वाजत होते. राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक निघण्यापूर्वी व्हिक्टोरिया राणीने विजेची कळ दाबली आणि प्रजेचे आभार मानणारा संदेश साम्राज्यभर तारेने निघाला. पुण्यात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे, गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, रात्रीच्या समारंभाची तयारी चालली होती.

संध्याकाळी 7:30. दामोदर आणि त्याचा धाकटा भाऊ बाळकृष्ण गणेशखिंड रस्त्यावर पोचले. दोघांजवळ पिस्तूल आणि तलवार. बाळकृष्णाकडे शिवाय कुऱ्हाड. दामोदर 27 वर्षांचा होता. आजूबाजूच्या टेकड्यांवर महोत्सवाच्या होळ्या पेटल्या होत्या. रोषणाई पाहायला आलेल्यांची इतकी गर्दी होती की दोन तरुणांकडे कोणी वळून पाहिले नाही.

त्यानंतर थोड्या वेळाने. रँड यांची वाटावी अशी एक गाडी समोरून गेली, गव्हर्नमेंट हाऊसकडे. ती त्यांचीच आहे, याची भावांना खात्री नव्हती. त्यांनी ठरवले : आत्ता नको, परतताना. रँड यांना आणखी काही तास मिळाले.

अंधार पडल्यावर. तलवारी आणि कुऱ्हाड घेऊन पळता येणार नाही म्हणून त्यांनी ती एका दगडी मोरीखाली दडवली. हाती राहिली पिस्तुले. पिवळ्या बंगल्याजवळची जागा ठरलेली होती. गाडी आल्याची खूण : ‘गोंद्या’.

आत मेजवानी, बाहेर दारूकाम. गव्हर्नमेंट हाऊसची ती इमारत आजही उभी आहे. ती पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली आणि 2014 पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास. पाहुणे निघाले. रँड यांची गाडी फाटकाबाहेर आली. दामोदर पंधरा पावले अंतर ठेवून मागे धावू लागला. पिवळा बंगला आला. त्याने हाक दिली. मग गाडीच्या मागे चढून पडद्याचे बंद सोडले, पडदा उचलला आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडली.

दोघांनी मिळून रँड यांच्यावरच गोळ्या झाडायचे ठरले होते. बाळकृष्ण मागे पडला होता. मागून येणाऱ्या गाडीतली माणसे आपसांत कुजबुजताना त्याला दिसली आणि त्याला संशय आला. त्याने त्या गाडीतल्या एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो लेफ्टनंट आयर्स्ट होता. तो जागीच मेला.

रँड ससून इस्पितळात अकरा दिवस जगले. 3 जुलै, शनिवारी त्यांचा मृत्यू झाला.

27 जुलै. टिळकांना अटक. पुढे ‘केसरी’तल्या त्या मजकुराबद्दल राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची सक्तमजुरी.

8 ऑक्टोबर. पकडल्या गेलेल्या दामोदरने जबाब दिला. झडत्यांच्या वेळी गोऱ्या शिपायांनी पवित्र जागा विटाळल्या, मूर्ती फोडल्या, त्याचा सूड म्हणून हे केले, असे त्याने सांगितले.

22 जानेवारी 1898. दिवस बरोबर सात महिन्यांनंतरचा. जेऊरला खग्रास सूर्यग्रहण होते. पुण्याहून प्राध्यापक नायगमवाला आणि कॅलिफोर्नियाहून लिक वेधशाळेचे ज्योतिर्विद दुर्बिणी घेऊन सोलापूर जिल्ह्याच्या त्या माळावर आले होते. सावली कोणत्या मिनिटाला येणार, हे विज्ञानाला आधीच माहीत होते. ती ठरल्याप्रमाणे आली आणि साधारण दोन मिनिटे थांबली. प्लेग पुढे कोणत्या घरात जाणार, हे त्याच विज्ञानाला सांगता येत नव्हते.

18 एप्रिल 1898. येरवड्यात दामोदरला फाशी.

2 जून 1898, कराची. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग झालेला एक उंदीर पिसवांसह काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ शकत नव्हता. काही दिवसांनी दुसरा उंदीरही प्लेगने मेला. रँड यांच्यावर गोळी झाडली गेल्याला त्या दिवशी 345 दिवस झाले होते, दामोदरच्या फाशीला 45.