आवृत्तीबद्ध शोधनिबंध

ज्या शोधनिबंधाचा मजकूर, आकृत्या आणि संदर्भ गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवलेले असतात आणि प्रत्येक मान्य बदलानंतर ज्याची वाचनीय प्रत संगणक आपोआप तयार करून प्रसिद्ध करतो, त्याला आवृत्तीबद्ध शोधनिबंध म्हणता येईल. या पद्धतीचे कौतुक बहुधा वेगासाठी होते. वेग मिळतो हे खरे, पण तो गौण गुण आहे. कोणते वाक्य कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलले याचा जाब लेखकांना देता यावा, ही तिची खरी कमाई. आणि तो जाब कितपत पक्का असतो हे तपासल्याशिवाय पद्धतीचे मोल ठरत नाही.

गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यावरील कामासाठी लिहिले. ते विद्वानांच्या लेखनात सहज रुळले ते गणितात, कारण गणिती मंडळी टेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या सवयीमुळे आधीपासूनच साध्या मजकुराच्या फायलींत लिहीत होती. योहान द योंग यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेला ‘स्टॅक्स प्रोजेक्ट’ हा बैजिक भूमितीचा ग्रंथ आज सात हजारांहून अधिक पानांचा झाला आहे आणि अजून वाढतो आहे. त्यातील प्रत्येक प्रमेयाला चार चिन्हांची एक खूण दिलेली असते. प्रकरणे पुढेमागे झाली, क्रमांक बदलले, तरी ती खूण बदलत नाही. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये २०१२-१३ या वर्षी जमलेल्या गणितज्ञांनी ‘होमोटॉपी टाइप थिअरी’ हा सुमारे सहाशे पानांचा ग्रंथ गिटहब या गिट-प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळावर मिळून लिहिला, तोही सहा महिन्यांच्या आत. जीवशास्त्रात ही रीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः मॅन्युबॉट या मुक्त साधनाकडे जाते. डॅनियल हिमेलस्टाइन, केसी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन २०१९ मध्ये ‘प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी’त प्रसिद्ध केले.

मॅन्युबॉटची मांडणी पाहिली की कोणते काम यंत्राकडे गेले आणि कोणते माणसाकडे राहिले ते स्पष्ट होते. लेखक तयार नमुना-रेपॉझिटरीची, म्हणजे फायली आणि त्यांचा इतिहास यांच्या साठ्याची, प्रत घेतो आणि निबंधाचे विभाग मार्कडाउन या हलक्या खुणांच्या पद्धतीत स्वतंत्र फायलींत लिहितो. लेखकांची नावे, संस्था आणि योगदान वेगळ्या फायलीत नोंदवायचे असते. संदर्भ देताना ग्रंथसूची हाताने लिहावी लागत नाही. संदर्भित निबंधाचा डीओआय, पबमेड क्रमांक किंवा अर्काइव्ह क्रमांक वाक्यातच टाकला की शीर्षक, लेखक, वर्ष हा तपशील यंत्र स्वतः मिळवते आणि सूची लावते. बदल मुख्य शाखेत मर्ज झाला, म्हणजे मान्य होऊन मिसळला, की एक स्वयंचलित प्रक्रिया सुरू होते. बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचे पॅनडॉक हे रूपांतर-साधन वापरून ती वेब-पान आणि पीडीएफ बनवते, सांगितल्यास वर्डची फाइलही, आणि नवी प्रत संकेतस्थळावर चढवते. जुन्या प्रतीही आपापल्या पत्त्यावर राहतात. म्हणजे यंत्राकडे गेले ते रूपांतर, जुळणी आणि चढवणे. बदल घ्यायचा की नाही, हा संपादकीय निर्णय माणसाकडेच राहिला, आणि पूर्वी तो ईमेलच्या गर्दीत हरवत असे तसा आता हरवत नाही. बदल सुचवणाऱ्याची पुल रिक्वेस्ट, त्यावरील हरकती आणि शेवटी कोणी होकार दिला, हे सारे एका जागी दिसते.

याचा ठळक पुरावा म्हणजे ‘डीप रिव्ह्यू’. डीप लर्निंग या संगणकीय शिक्षणपद्धतीचा जीवशास्त्र आणि वैद्यकातील उपयोग तपासणारा हा आढावा केसी ग्रीन यांनी २०१६ मध्ये गिटहबवर खुला केला आणि येईल त्याला लिहिण्याचे आमंत्रण दिले. २०१८ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या ‘इंटरफेस’ या नियतकालिकात आला तेव्हा त्याचे ३६ लेखक होते. इथेच पहिला आक्षेप येतो : सगळे मोजले जात असेल तर कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या, संख्येवरून श्रेय वाटले जाईल, आणि स्वल्पविराम दुरुस्त करणारा विचार देणाऱ्याच्या पुढे जाईल. भीती रास्त आहे. पण डीप रिव्ह्यूच्या लेखकांनी ती ओळखली होती. नावांचा क्रम त्यांनी यादृच्छिक पद्धतीने ठरवला आणि तसे निबंधात छापले. नोंद हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. ती वाचून निवाडा करण्याचे काम कोणालाही टाळता येत नाही. उलट, नोंदच नसलेल्या नेहमीच्या निबंधात ‘सर्वांनी समान योगदान दिले’ हे वाक्य तपासण्याची सोय कुठे असते?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रोज बदलणारा मजकूर उद्धृत कसा करायचा? मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या कोविड-१९ च्या मॅन्युबॉट आढाव्यात रुग्णसंख्येसारखे आकडे यंत्र ताज्या विदेवरून परस्पर भरत असे. सकाळी वाचलेला आकडा दुसऱ्या दिवशी तिथे असेलच असे नाही. यावरचा उपाय होमोटॉपीच्या ग्रंथाने आधीच दाखवला होता : प्रत्येक प्रतीवर तिची आवृत्तीखूण छापलेली असते, आणि उद्धृत करणाऱ्याने ती द्यायची. ही खूण मजकुरावरून आणि आधीच्या साऱ्या इतिहासावरून गणिताने काढलेली असल्यामुळे एक अक्षर बदलले तरी ती बदलते. मात्र तिचा अर्थ जपून लावावा लागतो. खूण मजकुराची ओळख पटवते, काळाची नाही. गिटमध्ये कमिटची तारीख लिहिणारा हवी ती टाकू शकतो आणि जुना इतिहास नव्याने रचूही शकतो. हा शोध आपण आधी लावला, असा दावा केवळ गिटच्या तारखेवर उभा राहत नाही. म्हणूनच मॅन्युबॉटमध्ये ओपनटाइमस्टॅम्प्सची जोड आहे : प्रतीची खूण बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीत गुंफली जाते, आणि ती प्रत त्या वेळी अस्तित्वात होती हे त्रयस्थालाही पडताळता येते. तारखेच्या सचोटीसाठी अशी बाहेरची साक्ष लागते.

गिट शिकण्यापेक्षा वर्ड किंवा गूगल डॉक्स काय वाईट, हा प्रश्न उरतोच. दोन लेखकांच्या आठ पानांसाठी काहीच वाईट नाही, आणि तिथे ही सारी यंत्रणा मांडणे हौसेचेच म्हणावे लागेल. लेखक वीस-पंचवीस झाले, किंवा आकृत्या विश्लेषणाच्या कोडमधून निघत असल्या, की हिशेब उलटतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना काही अडचणी जास्तीच्या आहेत. पीडीएफ बनवणारे यंत्र दर वेळी कोऱ्या स्थितीतून सुरू होते. त्यावर देवनागरी फॉन्ट नसेल तर पानभर चौकटी उमटतात. टेकचे जुने इंजिन युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे स्वतःहून जुळवत नाही, तिथे झीटेक किंवा लुआटेक लागते. सर्वांत फसवी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ एका युनिकोड चिन्हाने लिहिता येतो, ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, शिवाय ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशीही एक वाट आहे. पडद्यावर शब्द तोच, गिटच्या लेखी मात्र वेगळा. दोन लेखकांचे कळफलक निराळे असले की कोणीही काहीही न बदललेल्या ओळी बदललेल्या दिसू लागतात, आणि जाब देण्यासाठी ठेवलेला इतिहासच गढूळ होतो. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन वाटा एक करते, तिसरी नाही. तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ही तपासणी स्वयंचलित प्रक्रियेतच, मर्जच्या आधी बसवलेली बरी. एका ओळीत एकच वाक्य ठेवण्याची शिस्तही इथे कामी येते, कारण गिट फरक ओळीगणिक दाखवते.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र मालकीचा आहे. मॅन्युबॉटचे काम आधी ट्रॅव्हिस सीआय या सेवेवर चाले, पुढे ते गिटहब अ‍ॅक्शन्सवर हलवले गेले. आणि गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचे आहे. मजकुराला त्याचा धोका कमी, कारण रेपॉझिटरीची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहास येतो, आणि प्रकाशित आवृत्ती सर्नच्या झेनोडोसारख्या संग्रहात डीओआयसह ठेवता येते. पण त्या प्रतीत पुल रिक्वेस्टवरील चर्चा येत नाही. एखादे वाक्य का वगळले, कोणाच्या हरकतीवरून दावा सौम्य केला, हे सारे कंपनीच्या सर्व्हरवरच राहते. जाब देण्याचा अर्धा भाग असा गिटच्या बाहेर पडून असतो. म्हणून मर्ज करणाऱ्याने निर्णयाचे कारण कमिटच्या संदेशातच दोन-चार वाक्यांत लिहावे, आणि निबंध प्रसिद्ध होताना चर्चेची निर्यात केलेली फाइलही त्याच रेपॉझिटरीत ठेवावी.